स्वयंभूला सरकारी बोलावणं

सावेडी, अहमदनगर
ता. २ एप्रिल १९९७

तीर्थरूप कारभारीआण्णांना धाकट्या भावजयीचा, सीमाचा, शिरसाष्टांग नमस्कार.

मी आणि निकिता इथं माझ्या भावाकडे खुशाल आहोत. पोरीची परीक्षा चालू आहे. जाऊबाईंच्या गुडघ्याला उतार पडला का? संध्याकाळी गच्चीवरून शेंडेनक्षत्र छान दिसतं. आपला देव त्याच्याच शेपटीतून गळाला, असं तुम्ही म्हणे गावभर सांगता. सांगा, सांगा.

खरं तर लिहिणारच नव्हते. पण म्हटलं, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

दिवाळीआधी तो दगड पडला, तेव्हा गावाला वाटलं लष्कराच्या तोफांचा सराव चाललाय. कुणी मान वर केली नाही. तुरीतून तो मीच उचलला. तुम्ही सांगता तसा लालबुंद नव्हता हो, गार होता. वर काळी साल, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी. पदरात घालून तुमच्याकडेच आणला, घरातलं मोठं माणूस म्हणून. त्याचा एक टवका तेवढा माझ्या डब्यात राहिला.

तुम्ही दगडाला शेंदूर फासलात, माझ्याच रानात पत्र्याचं शेड ठोकलंत आणि म्हणालात, "देवानं जागा धरली, आता हितं नांगर चालायचा न्हाई." तुमचा सख्खा भाऊ जाऊन वर्षही झालं नव्हतं. सातबारा माझ्या नावावर, पण देवापुढं बोलणार कोण?

तो टवका मी इथल्या कॉलेजात दाखवला. तिथून तो सरकारी खात्यात गेला. साहेब म्हणतात, दगड अस्सल आहे. शेंडेनक्षत्राशी त्याचा काडीचा संबंध नाही. मंगळ आणि गुरूच्या मधे असले धोंडे फिरत असतात, त्यातला हा एक, पृथ्वीच्या जन्माच्या वेळचा. अभ्यासाला हवाय, आणि वरून पडलेला दगड सरकारजमा होतो. कुठं पडला याचा पुरावा मागितला, तर मी तुमच्या पाटीचाच फोटो पाठवला. "याच जागी आकाशातून अवतरलेले स्वयंभू देवस्थान." खाली तुमचं नाव, ठळक. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतलात, आण्णा! मला लई आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

पाडव्यानंतरच्या शुक्रवारी जीप येतेय. देव गेला की शेड उचला. मृगाआधी मला तिथं नांगर घालायचाय.

प्रतिष्ठापनेच्या दिवसाचं लिहायचं नव्हतं, पण हात थांबत नाही. "रांडमुंड बाईची सावली पडंल देवावर, बांधाभाईर हो!" असं भर पंगतीत ओरडलात. ज्या पदरात देव आणला, तोच तोंडात कोंबून मी बांधावर रडले. घरी आल्यावर निकितानं विचारलं, "आई, तुझी सावली वाईट असते का गं?" त्याचं उत्तर दाखवायला शुक्रवारी तिला घेऊन येतेय.

साहेबांनी बजावलंय, तोवर दगडाला कुणी हात लावायचा नाही. तेव्हा जीप येईल त्या वेळी तुम्ही बांधाबाहेर उभे राहा.

त्या रानाची मालकीण,
सीमा गोरक्ष