न मेलेली आई

मंगळवार, संध्याकाळ. अण्णा नगर

समीक्षक महाशय रडले म्हणे! आमच्या गेमच्या शेवटी आई मरते तेव्हा. अरे गाढवा, ती मरतच नाही. तो शेवट आम्ही काढून टाकलाय. तुला आधी पाठवलेल्या माहितीपत्रात तेवढा राहिला. म्हणजे शेवटपर्यंत न खेळताच लिहिलंस. मग रडलास कुठे?

याला चारचौघांत उघडा पाडू म्हटलं, तर ऑफिसातली सेल्वी म्हणाली, "विडु पा, सोडून दे, कौतुकच केलंय ना!" बॉसनं तर कडीच केली. लोक आता रडायलाच येतील, आईला मारून टाक म्हणाला.

गेममधल्या आईला आवाज माझ्या आईचा आहे. घरी येऊन तिला सांगितलं, त्या रडक्यासाठी मरतानाचं कण्हणं रेकॉर्ड करायचंय.

"घाई आहे का?" तिनं विचारलं. "नाहीतर थोडं थांब, खरंखुरंच मिळेल."