भैय्यालालविरुद्धचा पुरावा

८ सप्टेंबर
शेजारच्या भैय्यालालच्या सुनेला, रिताला, डेंग्यू. याचा डास म्हणे दिवसाढवळ्या चावतो. बेडर जात. भैय्यालालचं हायवेवर पंक्चरचं दुकान, घरामागे जुन्या ट्रक-टायरांची रास, टायरांत पावसाचं पाणी. मी तीस वर्षं कारखान्याच्या गेटवर झडत्या घेतल्या. मला कोणी शिकवू नये. संकल्प : आरोपी पुराव्यासकट पकडणे.

९ सप्टेंबर, सकाळी
भैय्यालाल दुकानात गेल्यावर टायरांतलं पाणी काढलं. लोणच्याच्या दोन बरण्या भरल्या. आत अळ्याच अळ्या! झाकण लावलं नाही. पुरावा जिवंत हवा. पलंगाजवळच्या खिडकीत ठेवल्या, नजर राहते. बायको, रुखमिणी, म्हणाली, "हे पाणी घरात कायले आणलं? फेका ना." ही नक्की कोणाच्या बाजूची?

११ सप्टेंबर
चोरी! बरण्या रिकाम्या, वर धुऊन पालथ्या घातलेल्या. भैय्यालाल एवढा टापटिपीचा असेल वाटलं नव्हतं. रुखमिणीला विचारलं, ती भाजी निवडत राहिली. दुपारी पुन्हा भरून आणल्या. आता बरण्यांना हात लावायला घरात सक्त मनाई.

१३ सप्टेंबर
भैय्यालालने सगळे टायर उपडे करून शेडमध्ये रचले. कूलरची टाकीही घासून कोरडी केली. पुरावा नष्ट करतोय. बरं झालं, माझ्याकडे साठा आहे.

१७ सप्टेंबर
साठ्यातले निम्मे फरार. पाण्यावर नुसती त्यांची रिकामी सालं तरंगताहेत. बरणीच्या काठावर पांढऱ्या पट्ट्यांचा एक डास बसलेला. बाहेरून आला असणार. हेर.

१९ सप्टेंबर
आता भैय्यालालच्या बायकोला, बायजाबाईला, ताप. टायर कोरडे असताना ताप येतोच कसा? नाटक. सहानुभूती मिळवायची आहे.

४ ऑक्टोबर
रुखमिणीला सणकून ताप. अंग मोडून निघालंय, डोळ्यांच्या मागे दुखतं म्हणते. भैय्यालाल भिंतीवरून म्हणाला, "देवाजीभाऊ, रक्त तपासून घ्या. अन् अंगदुखीच्या गोळ्या नोका देऊ, साधी पॅरासिटॅमॉल द्या." याला एवढी माहिती कशी? तरी गोळी साधीच दिली. मेडिकलवाल्याने दुसरी दिलीच नाही. तोही सामील दिसतो. तपासणी उद्या.

५ ऑक्टोबर
पाऊस. तपासणी उद्या. लॅबवाल्यांचं कमिशन असतं, घाई करू नये.

७ ऑक्टोबर
ताप उतरला! साधा व्हायरल होता. मी म्हणतच होतो. केस बंद. स्वतः खिचडी लावली.

त्याच दिवशी, संध्याकाळी
खाल्लेली खिचडी तिने ओकून टाकली. पोटात फार दुखतंय तिच्या. हातांवर लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त. नव्या टूथब्रशवर संशय.

तिचे हातपाय गार पडलेत. हे ब्रशचं काम नाही. मला भीती वाटते आहे. भैय्यालालला हाक मारली.

८ ऑक्टोबर, भंडारा, दवाखाना
भैय्यालालने गाडी काढली. रस्ताभर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डॉक्टर म्हणाले, ताप उतरला की लोक निर्धास्त होतात, खरा धोका तेव्हाच असतो. आधी का आणलं नाही, विचारलं. पाऊस होता म्हणालो. मलाच पटलं नाही. तिला काही झालं तर त्या घरात मी कोणाशी बोलू?

१० ऑक्टोबर
वाचली. डॉक्टर म्हणाले, धोका टळला.
डोळे उघडल्यावर पहिलं म्हणाली, "त्या बरण्या फेकल्या का?" मी विचारलं, एवढं कळत होतं तर तूच का नाही फेकल्यास. म्हणाली, "फेकल्या होत्या. तुमी पुन्हा भरून आणल्या."
भैय्यालाल तिथेच उभा होता. त्याच्या घरी दोन बायका आजारी पडल्या होत्या. तो चहा आणतो म्हणून बाहेर गेला. मला त्याच्याकडे बघवलं नाही.
रुखमिणीने सलाइनचा हात सांभाळत दुसरा माझ्या कपाळावर ठेवला अन् नर्सला म्हणाली, "सिस्टर, यायचंही रक्त पाहून घ्या. आंग तापून रायलं यायचं."
मी बाही वर केली.