अर्धी लादी बर्फ

१ एप्रिल, मंगळवार

वितळला! आजपण! अक्कलकोटच्या बर्फ कारखान्यातून दोन किलो बर्फ घेतला, डबा स्कूटीला बांधला. मैंदर्गीच्या पुढे आमच्या वस्तीशाळेत पोचेपर्यंत डब्यात नुसतं पाणी आणि सुपारीएवढा खडा. पाचवीची अकरा पोरं वाकून बघतायत. पूनम म्हणते, "बाई, ह्याच्यापेक्षा आमच्या रांजणातलं गार हाय."

चूक माझीच. भर मीटिंगमध्ये बोलून बसले — स्थायू-द्रव-वायू मी फळ्यावर शिकवणार नाही, बर्फ तोलून, वितळवून, परत तोलून दाखवणार! केंद्रप्रमुख मृत्युंजय सर मिशीवर बोटं फिरवत म्हणाले, "मॅडम, एप्रिलमध्ये बर्फ तिथवर अख्खा पोचला तर ही मिशी उतरवतो." सगळे खो खो हसले. शुक्रवारी पाठ बघायला येतायत. शिक्षणसेवक म्हणून माझी तीन वर्षं जूनमध्ये भरतात, आणि कायम व्हायचं तर ह्यांचा अहवाल चांगला लागतो. म्हणजे एकतर त्यांची मिशी, नाहीतर माझी नोकरी.

२ एप्रिल, बुधवार

आज व्याख्या. "ज्याला वजन असतं आणि जे जागा व्यापतं, ते द्रव्य." जोतिराम लगेच उभा. "मग आमचं दाजी द्रव्य हायती, बाई. आट दिस झालं, बाजंवरनं हालंना झाल्यात." उष्णता ही ऊर्जा, तिला वजन नसतं, म्हटलं तर — "मग दुपारचं उनात पाय जड का हुत्यात?" डोकं फिरायची पाळी!

पूनमची आज्जी, तानाबाई, रोज शाळेच्या ओट्यावर लोकर कातत बसतात. सगळं ऐकत असतात. म्हणाल्या, "बरफ घोंगड्यात बांद की."

मी हसले. "आज्जी, घोंगडं गरम असतं हो!"

"घोंगडं कुटं गरम आस्तंय, पोरी? गरम आपुन आस्तोय. त्ये निस्तं आतलं आत ठिवतंय, भायेरलं भायेर."

बी.एस्सी. आहे मी. भौतिकशास्त्र. फर्स्ट क्लास! लाजेनं मेले.

आपलं घोंगडं काढून दिलं त्यांनी. लग्नातलं. "लई जपून आन."

३ एप्रिल, गुरुवार

रंगीत तालीम. अर्धी लादी घेतली, घोंगड्यात गुंडाळून स्कूटीत पायाशी आडवी ठेवली. पोचली! अख्खी! कोपरे हाताला टोचतायत!

पण पारावर गुरप्पांनी घोंगड्यातून ठिबकणारं पाणी पाहिलं आणि उभेच राहिले. "कोन गेलं, बाई?"

विसरलेच होते मी. ह्या वस्तीवर लादी एकाच कामाला येते — लेक लांबून येईपर्यंत मयत ठेवायला.

"कुणी नाही हो! शाळेसाठी आहे!"

"शाळेत कोन गेलं?"

आणि हेडसर शंकरप्पा नेमके तीन दिवस रजेवर, आज उशिरा येणार होते! फोन लागेना, म्हणजे गेले ते तेच, असं ठरलं. दहा वाजेपर्यंत सगळी वस्ती फाटकाशी. बायकांनी गळा काढला. जोतिरामचे दाजी चक्क बाजेवरून उठून तिरडीला बांबू घेऊन आले. मी ओरडतेय, "अहो, पाठ आहे हा, पाठ!" — तर म्हणे, "बाईला धक्का बसलाय. पानी द्या तिला." शाळेच्या भिंतीवरून हेडसरांशी चार वर्षं भांडणारे गुरप्पा सगळ्यांत मोठ्यानं रडत होते. "देवमानूस व्हता वं!"

इतक्यात हेडसर मोटारसायकलवरून हजर. बांबू दिसताच गाडी थांबवली, चपला काढल्या, हळूच विचारलं, "कोण गेलं?"

मग काय! शिव्या मला. जित्या माणसासाठी बर्फ आणला म्हणून! हेडसर मात्र खूश. शाळा सुटेपर्यंत गुरप्पांच्या मागे — "ते देवमाणूस परत एकदा म्हणा की."

४ एप्रिल, शुक्रवार

झाला पाठ! आज दुसरी लादी, तीही अख्खी पोचली. किलोभर तुकडा तोलला, पातेल्यात घालून उन्हात ठेवला, पाणी तोललं. पन्नास ग्रॅम कमी! परत तोललं, तेवढंच. जोतिरामनं हात वर केला. "बाई, म्या चाटलाय."

मृत्युंजय सर सोडतायत होय! "एवढं ऊन बर्फात शिरलं, मग वजन वाढलं का नाही?" मला वाटलं, संपलं. पूनम उठली. "ऊन काय ऱ्हायला येत न्हाय, सर. काम करतंय आन् जातंय."

अहवालात 'उत्कृष्ट'! मिशी अजून जागेवर आहे. सर म्हणतात, मुहूर्त बघतो.

घोंगडं परत दिलं. तानाबाईंनी गालाला लावून बघितलं. "आजून गार हाय की गं!" केवढ्या हसल्या. मला रडूच आलं, का कोण जाणे.

७ एप्रिल, सोमवार

तानाबाई गेल्या. पहाटे, झोपेतच. पूनमचे वडील सुरतेहून उद्या पोचणार.

पूनम फाटकाशी उभी होती, घोंगड्याची घडी छातीशी धरून. "बाई, बरफ आना की."

आणला. पारावर सगळे उठून उभे राहिले. आज कुणी विचारलं नाही.