नाक रजेवर

२ जून
नवी नोकरी, नवं क्वार्टर, आणि सोबतीला धाकटा भाऊ. आणखी काय हवं? पोलिसांनी पकडलेली नशेची पावडर आम्ही लॅबमध्ये तपासायची, मगच कोर्टात केस उभी राहते. साथीमुळे निम्मी माणसं घरी, म्हणून मला तातडीने बोलावलं. कॉरिडॉरभर सीलबंद पाकिटांच्या थप्प्या. सगळं बंद असूनही माल थांबलेला नाही, आता मास्कच्या खोक्यांतून येतो. धाकट्याला व्यसन सोडून वर्ष झालं. पुन्हा ढुंकून बघणार नाही म्हणतो. इथे आल्यापासून हसतोय, माझा जीव भांड्यात पडला.

९ जून
साथीने मलाही गाठलं. ताप उतरला, पण वास गेला. धाकटा म्हणतो, ताईचं नाक रजेवर गेलंय. लॅबची धुलाई बंद, त्यामुळे अ‍ॅप्रन घरी आणावा लागतो. त्याला व्हिनेगरसारखा वास येतो म्हणे. हेरॉइनचा तोच वास, धाकट्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक. मी नाक खुपसून पाहिलं, काही नाही. तू दमतेस, म्हणाला, आणि तेव्हापासून अ‍ॅप्रन तोच धुतो.

१५ जून
आज धाकट्याला कणकण. आपणहून खोलीत कडी लावून बसला. ठरलंय असं: ताट दाराशी ठेवायचं, मी भिंतीवर टकटक करायची, बरा असेल तर त्याने दोनदा वाजवायचं.
नव्या पाकिटांचा निकाल लागला. रस्ते बंद, माल कमी, म्हणून त्यात भलतंच काहीतरी मिसळलंय. चिमूटभरही जिवावर बेतेल. त्यातल्या नमुन्याची एक कुपी सापडत नाही. कामाच्या रगाड्यात राहिली असेल कुठेतरी.

१८ जून
ताट तसंच. भूक नसेल. टकटक केली, दोनदा वाजलं. डबल ड्यूटी. कुपी नाहीच.

२० जून
शेजारच्या काकूंनी जिन्यातूनच विचारलं, घरात काही कुजलंय का. अ‍ॅप्रनचा असेल, मी म्हटलं. हा तसला वास नव्हे, म्हणाल्या. मास्कवर हात दाबून गेल्या.
मला भीती वाटायला हवी होती. मी भांडी घासली.
टकटक. दोन.

२१ जून
आठवलं. कुपी अ‍ॅप्रनच्या खिशात — खिसे मी तपासलेच नाहीत — वास आला असता तर —
टकटक. दोन. म्हणजे बरा आहे.

२२ जून
काकू म्हणतात, वास चार दिवसांपासून आहे. चार दिवस. मग वाजवतंय कोण —
हातोडी आणली. कडी तोडते. त्याआधी एकदाच टकटक करावी म्हणून हात उचलला — भिंतीला लागलाही नव्हता — आतून दो