पाटी पुसायचा स्पंज

जोर्वेकर बाईंना,

तुमच्या कपाळाला तीन टाके पडले म्हणे. लाकडी चौकटीची पाटीच घातली मी तुमच्या डोक्यात. दिशा पदर ओढत "आई, सोड!" म्हणून ओरडत होती, तरी तुमचे केस सोडले नाहीत.

तिच्या फुप्फुसात जन्मापासून चिकट कफ साठतो, ओलाव्यातले जंतू तिच्या जिवावर उठतात, हे मी जूनमध्येच बजावलं होतं. तिची बाटली वेगळी, पाटीचं फडकं कोरडं. ते हरवलं म्हणून तुम्ही तिला वर्गातला ओला स्पंज दिलात. आठवड्यात ताप चढला. डॉक्टर म्हणाले, हे जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. तिला घेऊन मी तडक वर्गात शिरले.

स्पंज द्यायला नकोच होता, हे मी अजूनही म्हणते.

पण आज डॉक्टरांनी सांगितलं, तेच जंतू आमच्या घरच्या वाफेच्या मशीनच्या वाटीत सापडले. सिंहस्थात रामकुंडावरून बाटलीभर तीर्थ आणलं होतं. मी रोज ती वाटी उकळायची, कोरडी करायची, औषध घालायची आणि वर तीर्थाचे दोन थेंब सोडायची.

हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही. तुम्ही पोलिसांना "पाय घसरून पडले" म्हणालात, त्यामुळे तुम्हाला तर तोंडच दाखवता येत नाही. पत्र पर्समध्येच राहील.

दिशाला ऑक्सिजन लावलाय. ज्या हातानं तुम्हाला मारलं, त्याच हातानं ते थेंब सोडले. तोच हात घट्ट धरून ती झोपली आहे.

दिशाची आई,
प्रतिभा