पत्रिकेत न बसलेली नावे

मी, श्रीमती लतिका अशोक दिघे, वय ७४, निवृत्त, राहणार पटपडगंज, दिल्ली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढची पाने वाचून ज्यांना शंका येईल त्यांनी तो दोनदा वाचावा. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. राग आहे, पण रागाने मृत्युपत्र रद्द होत नाही, असे वकिलांनी सांगितले आहे.

१. मी एकतीस वर्षे एका विमा कंपनीत दावे तपासले. पॉलिसीत ‘एक्सक्लूजन’ नावाचे पान असते. कंपनी कशाची भरपाई देणार नाही, ते त्यात लिहिलेले असते. जे नाकारायचे ते स्पष्ट, नाव घेऊन लिहायचे. लिहिले नसेल तर द्यावे लागते. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरही आम्हाला हेच सांगत. एखादीला खेळात घ्यायचे नसेल तर तिच्या तोंडावर सांगा आणि कारण द्या. कारण देताना लाज वाटली, तर तिला घ्या.

घरात हे वेगळ्या रीतीने करतात. तिथे नाव घ्यायचेच नाही. मग वगळले असे कोणी म्हणू शकत नाही.

२. गेल्या वर्षी फेब्रुवारीत नातू शार्दूल याचे लग्न गुरुग्रामला झाले. पत्रिकेत निमंत्रक म्हणून अकरा जोडपी होती. शिवाय माझे दीर गुलाबराव होते, ज्यांची पत्नी सहा वर्षांपूर्वी वारली. मी नव्हते. सून प्रणिता हिची आई, इंदुमतीबाई, याही नव्हत्या. आम्ही दोघी विधवा आहोत. मी मुलाला, यशोधनला, फोन केला.

“अगं आई, फक्त कपल्सची नावं घेतलीत. डिझाइनमध्ये बसत नव्हतं.”

“गुलाबकाका बसले.”

“ते पुरुषमाणूस आहेत गं. इंदुमतीआईंनी काही विचारलं का? बघ किती समजूतदार आहेत.”

“समजूतदार म्हणजे गप्प?”

“प्लीज यार, आई. आता छापून झालं.”

लग्नाच्या दिवशी आम्हा दोघींना हॉलमागच्या खोलीत पर्स आणि दागिन्यांच्या पिशव्यांपाशी बसवले. प्रणिता म्हणाली, “तुम्ही दोघी इथे असलात की मला टेन्शन नाही.” मंगलाष्टके आम्ही भिंतीपलीकडून ऐकली. तेवढ्यात इंदुमतीबाई म्हणाल्या, “विहीणबाई, आपण बाहेर जाऊन उभ्या राहिलो तर काय करतील?”

मी म्हणाले, “फोटो काढायचे थांबतील.”

आम्ही गेलो नाही. त्याचा राग माझा माझ्यावर आहे; तो कोणाच्या नावे करता येत नाही.

३. पटपडगंजची सदनिका मी माझ्या पगारातून घेतली आहे. माझ्या पश्चात तीत इंदुमतीबाईंनी हयातभर राहावे. सध्या त्या लेकीकडे राहतात आणि टीव्ही लावण्याआधी विचारतात. इथे विचारू नये. लेक आली तर तिला आत घ्यायचे की दारातूनच बोलून परत पाठवायचे, हेही त्यांनी ठरवावे.

त्यांच्या पश्चात सदनिका माझी नात मैत्रेयी हिची. भावाचे लग्न सोडून ती त्या खोलीत आली, आमच्यासोबत खाली बसून जेवली आणि एका पत्रिकेवर बॉलपेनने आमची नावे लिहिली. दिल्लीत वाढलेली पोर, ‘निमंत्रक’ शब्द तिला आला नाही. तिने ‘दोन आज्या’ लिहिले. जागा भरपूर होती. ती पत्रिका माझ्या कपाटात आहे, तीही तिचीच.

४. माझा मुलगा यशोधन अशोक दिघे आणि सून प्रणिता यशोधन दिघे यांना मी माझ्या सर्व मिळकतीतून वगळत आहे. मी त्यांना विसरले, असे पुढे कोर्टात कोणी म्हणू नये म्हणून पूर्ण नावे लिहिली आहेत. कारण कलम दोनमध्ये आहे. लाज वाटते का हे पाहायला हे कलम मी चार महिने कच्चे ठेवले होते. दिवाळीत यशोधन मिठाई घेऊन आला तेव्हा थोडी वाटली. चहा पिता पिता त्याने विचारले, “आई, फ्लॅटचे पेपर्स कुठे असतात गं?” मग गेली.

५. शार्दूल याला त्याच्या आजोबांची हत्यारांची पेटी द्यावी. “आजी, मला माहीतच नव्हतं,” असा त्याने हनिमूनवरून मेसेज केला होता. पत्रिका त्याच्याच लॅपटॉपवर तयार झाली होती. त्याची पत्नी मयुरा हिने माझे काही बिघडवलेले नाही. माझी नथ तिला. तिने ती आयुष्यभर घालावी, नवरा असो वा नसो.

६. मला अग्नी मैत्रेयीने द्यावा. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत ‘शोकाकुल’ याखाली मैत्रेयी आणि इंदुमतीबाई एवढीच नावे असावीत. जोडप्यांची घेऊ नयेत. डिझाइनमध्ये बसणार नाहीत. कोणी तक्रार केल्यास या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक ॲड. कौशल्या राजवाडे यांनी सांगावे की आता छापून झाले.

७. यशोधन आणि प्रणिता स्मशानात आल्यास त्यांना अडवू नये. मागे बाकावर बसवावे. लोकांच्या चपला आणि पर्स सांभाळायला कोणीतरी लागते. ती दोघे तिथे असली की मैत्रेयीला टेन्शन नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत केली.

स्थळ : दिल्ली
दिनांक : १२ जानेवारी २०२६

(सही) लतिका अशोक दिघे

साक्षीदार :
१. (सही) प्रभा कर्णिक, शेजारीण
२. (सही) धवल सबनीस, सोसायटीचे खजिनदार