शोभाच्या मढ्यापाशीचं रडनं

३ सप्टेंबर
विचारायचं तरी होतं पोरीनं. नात असली म्हनून का झालं, माह्या लेकीवरचं माह्यं रडनं होतं ते.
सोनीच्या अकोल्याच्या बँडनं गानं काढलं. एकच काढलं, त्याले सिंगल म्हंतात. एरवी काळे कपडे घालून गळा फाडतात. मेटल म्हने. आमाले भंगारवाला रोज फुकट ऐकवते. हे गानं मात्र हळू. अन् सुरुवातीलेच मी, शोभाच्या मढ्यापाशी हेल काढून. माहा पोरगा सेमाडोहले नोकरीवर, पोचनार नव्हता, म्हनून सोनीनं तवा मामासाठी मोबाईलमंधी भरलं होतं.

५ सप्टें.
वलगावात सगळ्यायच्या मोबाईलवर तेच. भाजी घ्यायले आलेली एक म्हने, "आजी, तुमी तं हिरोईन झाल्या!" "वांगे घे अन् चालती हो."
मढ्यापाशी बाई जे बोलते ते मढ्यासंगच जळते. ज्याले शिव्या घातल्या तोच तेराव्याले पंगतीत बसते. कोनी मांगून काढत नाई. मी जावयाले म्हनलं होतं, तीन दिस ताप अंगात, तुले दवाखान्यात न्यायले गाडी नाई भेटली रे. तो मुंडी खाली घालून होता. तिथंच संपलं होतं. आता रोज नव्यानं.

८ सप्टें.
जावयाचा फोन. "मामी, दुकानात गिऱ्हाईक ऐकवतात मले. पोरगी बोलत नाई माह्यासंग. काढायले सांगा."
सोनीले लावला. काढ म्हनलं.
"आजी, गान्यात तेवढंच खरं हाय. बाकी आमी बनवलं." मंग बारीक आवाजात, "बाबानं नाई नेलं न आईले? तूच म्हनलं."
मी फोन ठेवला.

११ सप्टें.
झेंडू कळीवर आला. मांगच्या दसऱ्याले तोडनीवर होता. तापातच शोभाचा फोन मलेबी आला होता. आई, येतं का वो. म्हनलं, तोडा आटपू दे, परवा येतो.
हे रडन्यात नाई घेतलं मी.
जावयाले ठाऊक हाय. त्याच्याच मोबाईलवरून बोलली होती ते. वरीस व्हायले आलं, एका शब्दानं बोलला नाई मानूस.

१३ सप्टें.
उद्या सोनी येते, बापाले घेऊन. समोरासमोर विचारते म्हने.
सुनेच्या मोबाईलवर आज पुरं गानं ऐकलं. माह्यं रडनं तुटते तिथून सोनी उचलते, माह्याच हेलात. चांगलं म्हनते मेली.
सुनेले बजावलं. चहा ठेव अन् चुलीपाशीच बस. पोरगी काई विचारो, तू मधात पडू नको. जावयालेबी मी तोंड उघडू देनार नाई. परवा येतो म्हननारी मी, जबाब मी देतो.